कितलाना शेतस

अमळनेर. रात्रीचे साडेअकरा.

सुरतेतल्या उधन्याहून येऊन आज तिसरा दिवस. कपडे धुऊन, वाळून, घड्या होऊन कपाटात गेले, पण चपलांतली काळी वाळू अजून निघतेच आहे. मोरीच्या जाळीपाशी रोज चिमूटभर दिसते. आणि आई माझ्याशी अजून पहिल्यासारखी बोलत नाहीये. म्हणजे बोलते. चहा झाला का, दूध तापवलं का, सगळं विचारते. पण कसं विचारते, ते लिहून काढल्याशिवाय आज झोप येणार नाही.

झालं ते एवढंसंच. रविवारी बाबूच्या घराच्या घरभरणीचं जेवण आटोपलं, पाहुणे पांगले आणि संध्याकाळी त्याने सगळ्यांना सुरतेजवळच्या समुद्रावर, डुमसला नेलं. आईने समुद्र पाहिलेला नव्हता. एकाहत्तर वर्षं पुरी झाली, पंढरपूर झालं, काशी झाली, समुद्र राहिला होता. दादा असताना दोनदा ठरलं होतं. असो.

गेलो तेव्हा ओहोटी होती. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक खूप मोठा असतो, पाणी लांबच लांब मागे जातं, हे मला ठाऊक होतं, पण वेळ बघून निघायचं सुचलं नाही. समोर नुसता ओला काळपट चिखल, त्यात उंटाच्या पावलांचे ठसे आणि पार टोकाला एक चकाकती रेघ. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मला वाटलं हिरमुसली. तर तिच्या खानदेशी अहिराणीत म्हणते, "आपली तापी आठेच येस ना व?"

मी सांगितलं, हो, इथंच शेजारी तिचं मुख. मुलताईला निघते, भुसावळपाशी हतनूर, मग आपला खानदेश, मग उकाई, मग सुरत, आणि इथे संपते. सातशे चोवीस किलोमीटर. आपल्या बोरीला पाणी असलं तर तेही तापीतून इथेच येतं. आईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या चिखलाला हात जोडले. दर वर्षी आषाढात तापीच्या जन्मदिवशी, सप्तमीला, नदीवर जाऊन ओटी भरणारी बाई ती. २००६ च्या ऑगस्टमध्ये हीच तापी सुरतेत शिरली आणि बाबू दोन दिवस गच्चीवर अडकला, तेव्हाही तिने नदीला एक वाकडा शब्द काढला नव्हता. बाबूलाच रागावली होती, तळमजल्यावर खोली कसाले घेतली म्हणून.

इथपर्यंत सगळं छान होतं. हे मला मुद्दाम लिहून ठेवायचंय, कारण नंतर आठवायला बसले की मला फक्त पुढचंच आठवतं.

समोरच एक कॅफे होतं. वाळूत वेताच्या खुर्च्या, वर पिवळ्या दिव्यांच्या माळा. मेनूकार्ड नाही, टेबलावर चिकटवलेला चौकोन मोबाईलने वाचायचा. चिनूने वाचलं, पोरांनी पेरी-पेरी फ्राईज, चीज मॅगी, कोल्ड कॉफी असं भराभर सांगून टाकलं. आईच्या हातात काहीच नाही. बघायला कागद नाही, भिंतीवर पाटी नाही. शेजारच्या टेबलावर एका ताटलीत भजी आली, टोमॅटोची. डुमसची ही भजी नावाजलेली आहेत. टोमॅटोच्या जाड चकत्यांना हिरवी चटणी लावतात, बेसनात बुडवून तळतात आणि वरून जाडसर कुटलेले धने-मिरे भुरभुरवतात. वास आला तशी आई वळली आणि पोऱ्याला तिने हाक मारली. बाजारात भाजीवाल्याला मारते तश्शीच.

"टमाटाना भज्या कितलाना शेतस रे भाऊ?" टोमॅटोची भजी केवढ्याला आहेत, एवढंच.

आईचा आवाज मोठा आहे. कपाशीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या सालदाराला हाक मारत तिची उमर गेली. आजूबाजूच्या चार टेबलांनी माना वळवल्या. एक कॉलेजातली मुलगी हसली. मी हिंदीत विचारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्या पोऱ्याने, चांगला गुजराती पोऱ्या, सरळ आईलाच उत्तर दिलं, "माजी, सो रुपियानी प्लेट." काही अडलं नव्हतं. विचारून झालं होतं, उत्तर मिळालं होतं.

तरी मी म्हटलं, "आई, हळू बोल ना."

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या कचेरीत चुकीच्या खिडकीपुढे उभं राहिल्यावर आतला माणूस 'तिकडे जा' म्हणतो आणि आपण मुकाट्याने सरकतो, तसं बघितलं. भजी आली. मी ताटली तिच्यापुढे सरकवली. तर म्हणाली, "मला नको. तुम्ही घ्या."

मला. नको. तुम्ही.

ही भाषा आई डॉक्टरांशी बोलते. बँकेत बोलते. माझ्या सासूबाईंशी, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं बोलायची. माझ्याशी कधीच नाही. माझ्याशी ती "माले नको, तू खाय व" असंच बोलत आलीय, मी पाळण्यात होते तेव्हापासून. त्या खुर्चीवर आई विहीणबाईंसारखी ताठ बसून राहिली. चिनूने आग्रह केला म्हणून एक भजं खाल्लं, आणि "छान आहे" म्हणाली. छान आहे! एरवी आई भज्याबद्दल दहा मिनिटं बोलली असती. धने अख्खे का घातले, बेसन किती दिवसांचं असेल, आपल्या मिरचीच्या भज्यांपुढे हे कसं, सगळं.

हळू बोल म्हणजे आवाज कमी कर, एवढंच मला म्हणायचं होतं का? तीन दिवस स्वतःला हेच विचारतेय. दिव्यांच्या माळांखाली गाणी एवढी मोठ्याने लागली होती की हळू बोललेलं कुणाला ऐकूच गेलं नसतं. चिनू किंचाळत होती, तिला मी काही म्हटलं नाही. आवाजाचं नव्हतंच ते. मला त्या "शेतस"ची लाज वाटली. लिहिलं एकदाचं.

आणि ती मुलगी हसली ती कशाला, हेसुद्धा मला माहीत नाही. बायका-पोरींना म्हाताऱ्या माणसांकडे बघून उगाच छान वाटतं, तसं असेल. तिच्या घरीही अशी एखादी आजी असेल. सुरतेतलं अर्धं लिंबायत, अर्धं उधना आपल्याच माणसांनी भरलेलं आहे. मागांवर, साड्यांच्या दुकानांत, भाजीबाजारात, जिथे जाल तिथे धुळ्या-नंदुरबारकडचं कुणीतरी भेटतंच. तिथे अहिराणी कानावर पडणं नवलाचं नाही. नवल माझं.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी डोळे मिटून बसली होती. जाताना अशी नव्हती. जाताना नवापूर आलं तेव्हा तिला फलाटावर उतरून बघायचं होतं, कारण ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, बाकसुद्धा असा आहे की एक माणूस या राज्यात बसतो आणि दुसरा त्या. चहावाल्याशी ती खिडकीतूनच बोलली होती, तो कुठल्या बाजूचा हे न विचारता. येताना नवापूर आलं, मी म्हटलं, "आई, बघ, नवापूर." ती म्हणाली, "हो का." नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं, नरडाणा गेलं. मी मोबाईल बघत असल्यासारखी बसले.

आता मला माझंही लिहू दे.

मी अठराची होते तेव्हा नाशिकला हॉस्टेलमध्ये पहिल्या रात्री म्हणाले होते, "माले भूक लागनी." खोलीतल्या पाच मुली पोट धरधरून हसल्या. पुढे दोन वर्षं माझं नाव 'माले' होतं. 'ए माले, पाणी आण.' मी सुट्टीत घरी आले की आरशासमोर 'ण' आणि 'ळ' घोकायचे. आईला माय म्हणायचं सोडून आई म्हणायला मी तेव्हाच लागले. कुणी सांगितलं नव्हतं, एका दिवाळीत सरळ आई म्हणून हाक मारली. तीही ओ म्हणाली. त्या मुलींपैकी कुणी मला कधी जवळ घेऊन म्हटलं नाही की चुकलं आमचं. मग माझ्याच तोंडून एकदा 'हळू बोल' निघालं तर एवढं काय? रविवारपासून मी हाच हिशेब मांडतेय. मी कमावलेलं बोलणं मला फुकट मिळालेलं नाही. त्याच्यावर नोकरी मिळाली, त्याच्यावर घर चालतं.

पण हा हिशेब मिळत नाही. कारण बावीस वर्षं मी वर्गात तेच करतेय. नववीच्या निबंधात पोरगं लिहितं, 'आमना गावमा नदी शे.' मी लाल पेनाने 'आमच्या गावात नदी आहे' करते. परीक्षेत प्रमाण मराठीच लागते, ते शिकवणं माझं कामच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण लाल रेघ मारताना मी कधी बाजूला लिहिलं नाही की बाळा, तू लिहिलंस तेही बरोबर आहे, ती तुझ्या घरची भाषा आहे. आणि त्याच तासाला बहिणाबाई चौधरींची कविता आली की मी भारावून शिकवते. असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची बोली, तिचा गोडवा, तिची उपमा. त्यांची लेवा बोली, आमची अहिराणी, फरक आहे. पण बहिणाबाईंची बोली पुस्तकात छापली म्हणून तिला मी हात जोडते, आणि माझ्या आईची डुमसच्या टेबलावर आली तर म्हणते हळू.

सर्वात जास्त जे लागलं ते आज दुपारी लागलं. वहीत सहज दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या. आई म्हणाली होती, 'टमाटाना भज्या कितलाना शेतस, भाऊ?' गुजरातीत तेच विचारायचं तर, 'टामेटानां भजियां केटलानां छे, भाई?'

ना, ना. कितला, केटला. शे, छे. आपल्या मराठीतला 'चा-ची-चे' तिथे नाहीच. अहिराणीत गावना, घरनी, गुजरातीतही तसंच. म्हणून तो पोऱ्या क्षणभरही अडखळला नाही. त्या टेबलावर त्याच्या भाषेच्या सर्वात जवळ बसलेली बाई माझी आई होती. मी तोंडात जुळवत होते त्या हिंदीपेक्षा कितीतरी जवळ. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही! इंग्रजी अमदानीतल्या ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, कुठे बसवलीय, तर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली भाषांच्या सोबतीला, गुजरातीच्या शेजारी. एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या पेपरात हे लिहून मी मार्क मिळवलेत. पेपरात आठवलं, टेबलावर नाही.

हे लिहिता लिहिता थोडं सैल वाटतंय. का ते कळत नाही, कारण बदललं काहीच नाही. आईची मी माफी मागितलेली नाही. मागायला गेले तर ती म्हणेल, "कसानी माफी?", किंवा त्याहून वाईट, म्हणेल, "कसली माफी?" आमच्याकडे माफी मागायची रीत नाही. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी भरीत करतात. मी काल केलं. वांगी काट्यांवर भाजायला मिळाली नाहीत, गॅसवरच भाजली, शेंगदाणे, हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. आई दोन भाकरी जेवली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." 'आहे' म्हणाली. पण मिठाचं काढलं, म्हणजे काहीतरी परत येतंय. तिने माझ्या स्वयंपाकाला 'छान' म्हटलं असतं तर मी रडले असते.

आणि मी आता अचानक तिच्याशी अहिराणीत बोलायला लागले तर ते तिला खोटं वाटेल. वाटणारच. अठ्ठावीस वर्षांनी माझी जीभ तशी वळतही नाही, क्रियापदांशी अडते. ऐकताना सगळं कळतं, बोलताना वर्गात उभी असल्यासारखी होते. हे असंच राहणार बहुतेक. ती तिकडून बोलेल, मी इकडून. पूर्वीही तसंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. माझा शब्द मध्ये आला नसता तर पुढेही चाललं असतं. गुरुवारी शाळा उघडतेय, नववी ब च्या वह्या तपासायच्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तेव्हा बघू.

मघाशी, नऊच्या सुमाराला, नानीचा फोन आला. आई ओट्यावर बसून बोलत होती, गल्लीभर ऐकू जाईल अशी. मी आत दिवा न लावता बसून ऐकलं. मला वाटलं आता सांगेल. पोर काय बोलली ते नानीला नाही सांगणार तर कुणाला? पण तिने ते काढलंच नाही. समिंदर दूर निघी गया व्हता म्हणे, चिखलच चिखल, तापीमायले हात जोडी उनूत. उंटावर बसायचे शंभर रुपये. बाबूच्या घराच्या फरश्या घसरतात. मग भज्यांवर आली. धने अख्खे, बेसन जाड, चटणी तेवढी चांगली. दहा मिनिटं भज्यांवरच. जे डुमसला बोलली नाही ते सगळं.

मध्येच थांबून तिने आत हाक मारली, "काय नाव व्हतं व त्या गावनं?"

"डुमस," मी म्हटलं. जरा जोरानेच.

"दुम्मस," तिने नानीला सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही. मग पुढे सुरू झाली, पाण्याची बाटली कितलाले लिधी ते.