कापसाने आखलेली सीमा

दरवर्षी डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरले की आमच्या सोसायटीतल्या बाकावर वेगळ्या विदर्भाचा विषय निघतोच. यंदा शेजारच्या काकांनी त्यात अमेरिकेचे यादवी युद्ध ओढून आणले. "तेही प्रादेशिक अन्यायाचेच भांडण होते, गुलामगिरी त्याला मागाहून चिकटवली," असे त्यांचे म्हणणे. अनुशेषाच्या चर्चा ऐकत वाढलेल्या माणसाला हे चटकन पटते. मलाही कितीतरी वर्षे पटत होते.

मत बदलले ते कापसामुळे. हिंगणघाटजवळच्या आजोळी दिवाळीत वेचणी चालू असे आणि आजी आम्हा मुलांना मूठभर कापूस देऊन सरकी काढायला बसवत असे. सरकी धाग्याला अशी घट्ट धरून बसते की नखे दुखू लागत, आणि तासाभराने पाहावे तर रुई जेमतेम चार वातींपुरती. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाचेही हेच दुखणे होते. १७९३ मध्ये एली व्हिटनीच्या यंत्राने ते काम सोपे केले, पण लागवड आणि वेचणी हातांनीच व्हायची असल्याने कापूस जसा पसरला तशी गुलामांची मागणी वाढली, आणि १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली त्यांची संख्या १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात गेली. स्वातंत्र्याच्या वेळी उत्तरेतही गुलाम होतेच. तिथे ती प्रथा हळूहळू बंद होत गेली, दक्षिणेत ती कापसावर पोसली गेली, आणि तेव्हा कुठे एका देशात दोन देश दिसू लागले. (युद्धात दक्षिणेची बंदरे अडवली गेल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडच्या कापसाकडे मोर्चा वळवला, वऱ्हाडात भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले, पण तो वेगळा विषय आहे.)

नव्या प्रांतांत गुलामगिरी न्यायची की नाही, यावर तडजोडी होत राहिल्या. गुलामगिरी कुठवर चालेल हे ठरवणारी, १८२० मध्ये नकाशावर ओढलेली रेघ १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने पुसली, निर्णय तिथे वस्ती करणाऱ्यांवर सोपवला आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर शस्त्रे घेऊन धावले.

काकांचा हुकमी एक्का होता 'राज्यांचे हक्क'. मात्र १८५० च्या कायद्याने पळून गेलेल्या गुलामांना उत्तरेतूनही पकडून आणण्यासाठी केंद्राची यंत्रणा राबवली, तेव्हा दक्षिणेला केंद्राची सत्ता मुळीच खुपली नव्हती. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना फुटून निघाले, तेव्हा त्याच्या जाहीरनाम्यातली एक मुख्य तक्रारच अशी होती की उत्तरेतली राज्ये स्वतःचे कायदे करून पळालेल्या गुलामांना परत पाठवायचे टाळतात. म्हणजे हक्क हवे होते, पण ते फक्त आपल्या राज्याचे.

कोण फुटले आणि कोण राहिले, हे पाहिले की उरलासुरला संशयही फिटतो. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती, आणि हीच दोन राज्ये सर्वांत आधी बाहेर पडली. डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायदेशीर असूनही गुलाम दोन हजारांहून कमी उरले होते, ते राज्य संघातच राहिले. व्हर्जिनिया १८६१ मध्ये फुटले, तेव्हा गुलाम फारसे नसलेल्या त्याच्या डोंगराळ पश्चिम भागाने व्हर्जिनियाचीच साथ सोडली आणि जून १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे नवे राज्य झाले.

हे सगळे काकांनी, मध्ये एकदाही न अडवता, ऐकून घेतले. मग चष्मा पुसत त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे त्यांना वेगळे राज्य दोनच वर्षांत मिळाले?" मी हो म्हणालो. "आपला नागपूर करार १९५३ चा," ते म्हणाले, आणि अधिवेशनाची बातमी आलेला पेपर पुन्हा उघडून बसले.