ग्राफिक्स कार्डाशिवाय लिनक्सवर गेमिंग: रायझन ५६००जीचा माझा अनुभव

एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच वेगा ७ ग्राफिक्स आहे, पण स्वतःची मेमरी नाही. ते मदरबोर्डवरची रॅमच वापरतं, म्हणून माझं काम लिनक्सपासून नाही, रॅमपासून सुरू झालं. जुन्या सेटअपमध्ये ८ जीबीची एकच स्टिक होती आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद. त्यामुळे ती २४०० च्या वेगावर चालत होती. म्हणजे सेकंदाला फक्त १९.२ जीबी, आणि त्यातच प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची वाटणी. ३२०० च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन समांतर मार्गांवर) लावल्या की हाच आकडा ५१.२ जीबी होतो. प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीममधलं साधन) कुठलीही सेटिंग एवढा फरक पाडू शकत नाही.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. शेजारी-शेजारी लावल्या तर पीसी चालतो, पण सहसा सिंगल चॅनलमध्येच. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते, कारण बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी वेग जुळवून बघत असतो. घाईने बटण दाबू नये. मग बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं आणि यूएमए फ्रेम बफर (ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम) २ जीबी ठेवला. त्याहून जास्त कशाला? ड्रायव्हर गरजेप्रमाणे उरलेल्या रॅममधून जागा घेतोच. काही गेम मात्र सुरू होताना व्हीआरॅमचा (ग्राफिक्सच्या मेमरीचा) आकडा तपासतात, त्यांच्यासाठी हे २ जीबी. लिनक्समध्ये डीएमआय-डीकोड ही हार्डवेअरची माहिती दाखवणारी कमांड चालवून 'कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड'ची ओळ बघितली. तिच्या वरची नुसती 'स्पीड'ची ओळ स्टिकची क्षमता सांगते, चालू वेग नाही.

त्याच बैठकीत कूलरची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलली. एएम४ सॉकेटमध्ये (हा प्रोसेसर ज्यात बसतो) पिना प्रोसेसरला असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी फ्रेम नसते. सुकलेल्या पेस्टसकट कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पाऊण तास गेम चालवून पेस्ट गरम केली, पीसी बंद करून प्लग काढला, चारही स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे-थोडे सैल केले आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत उचलला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका दिला. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. तिच्याजवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि मग दोष गेमला दिला जातो.

लिनक्सच्या बाजूला ड्रायव्हर शोधायची गरजच पडली नाही. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यात) आहे, आणि व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीसाठी मेसा या ड्रायव्हर-संचातला आरएडीव्ही. स्टीमच्या सेटिंगमध्ये प्रोटॉन सगळ्या गेमसाठी चालू केला. विंडोजच्या डायरेक्टएक्स ग्राफिक्सचं व्हल्कनमध्ये भाषांतर प्रोटॉनमधले दोन भाग करतात: डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे गेम डीएक्सव्हीके सांभाळतो, १२ चे व्हीकेडी३डी-प्रोटॉन.

खरी डोकेदुखी विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनची. गेम तिथेच आहेत, मग पुन्हा डाउनलोड कशाला, हा मोह होतोच. पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समध्ये नुसतं वाचता येतं. शिवाय प्रोटॉन प्रत्येक गेमच्या प्रीफिक्समध्ये (त्या गेमसाठी बनवलेल्या नकली विंडोज फोल्डरमध्ये) नावात कोलन असलेल्या लिंक बनवतो. विंडोजला असं नाव चालत नाही, आणि त्याची डिस्क तपासणी त्यावर हात मारू शकते. गेम फोल्डर एक्सटी४ या लिनक्सच्या पार्टिशनवर कॉपी करून स्टीममधून फाइल्स तपासून घेतल्या. फक्त कमी पडलेलं डाउनलोड झालं.

पहिल्या फेरीत गेम अडखळतो, कारण शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तेव्हाच तयार होत असतात. त्यावरून निकाल लावू नये, तोच भाग दुसऱ्यांदा खेळून बघावा. मोजमापाला मँगोहड, म्हणजे गेमवर आकडे दाखवणारं साधन: स्टीममधल्या गेमच्या लाँच ऑप्शन्सच्या रकान्यात त्याचं नाव लहान रोमन अक्षरांत, पुढे दोन टक्केचिन्हांमध्ये 'कमांड'. मी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम) फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागलेल्या वेळेची) रेषा बघतो. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी चांगली असून रेषेत सुळके असतील तर हाताला ते जाणवतंच.

जड गेमसाठी गेमस्कोप वापरतो; ते गेम लहान रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करून दाखवतं. त्यात लहान डब्ल्यू आणि एचला १२८० आणि ७२० (गेमचं रिझोल्यूशन), कॅपिटल डब्ल्यू आणि एचला १९२० आणि १०८० (मॉनिटरचं), आणि चित्र मोठं करणारा फिल्टर एफएसआर. १०८०पीमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल काढावे लागतात, ७२०पीमध्ये ९.२ लाख. बारीक अक्षरं थोडी मऊ दिसतात, पण या ग्राफिक्सला तो सौदा परवडतो. तरीही ६० टिकत नसेल तर ४० ला मर्यादा घालतो. सतत २५ मिलिसेकंद, हे ४५ आणि ६० च्या झोक्यांपेक्षा कितीतरी बरं.

व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम मात्र इथे चालणार नाही, त्याचं अँटी-चीट (फसवणूक रोखणारा प्रोग्राम) विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच. ऑनलाइन गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर (कोणता गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते सांगणारी वेबसाइट) एवढं बघून घ्यावं.