एजंट जोडला दहा मिनिटांत, परवानगी मिळाली अकराव्या दिवशी

औसा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात मी पीक सल्ल्यांचे संदेश पाठवण्याचे काम पाहते. लांब वेबपत्त्यांच्या छोट्या लिंक तयार करून त्या कुठे उघडल्या गेल्या हे दाखवणाऱ्या आमच्या लिंक व्यवस्थापनाच्या सेवेला एआय एजंट, म्हणजे सांगितलेले काम स्वतः करणारा एआय प्रोग्राम, जोडताना माझे अकरा दिवस गेले. ते ऐन पेरणीच्या तोंडावरचे असल्यामुळे त्यांचा राग अजून उतरलेला नाही. ज्या माहितीसाठी एवढी वाट पाहावी लागली ती एका ओळीची होती, म्हणून ती आधीच सांगते: एपीआय की, म्हणजे एजंटला तुमच्या नावाने सेवेत शिरू देणारा गुप्त संकेत, तयार करण्यापूर्वी त्या सेवेच्या वर्कस्पेसमध्ये, म्हणजे संस्थेच्या सामायिक खात्यात, तुमची स्वतःची भूमिका (कोणाला काय करता येते ते ठरवणारी नोंद) कोणती आहे, हे पाहून घ्या.

लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी कशी करावी, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी का करू नये, असे सल्ले आम्ही तालुकावार पाठवतो आणि प्रत्येक तालुक्यासाठी वेगळी छोटी लिंक ठेवतो, म्हणजे कोणता सल्ला कुठे उघडला गेला आणि कुठे तो कोणी पाहिलाच नाही, हे कळते. एका सल्ल्यामागे दहा लिंक हाताने तयार करताना चुका होतात. एकदा माझ्याच हातून निलंग्याची लिंक उदगीरच्या यादीला गेली आणि त्या आठवड्याची सगळी आकडेवारी निरुपयोगी ठरली. हे काम एजंटकडे सोपवावे, असे त्यानंतर मनाने घेतले.

लिंक छोटी असण्याचा आमच्याकडे थेट पैशांशी संबंध आहे. रोमन अक्षरांतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, पण मजकूर देवनागरीत असला की ही मर्यादा ७० वर येते, आणि एकाहत्तरावे अक्षर आले की दोन संदेशांचे पैसे लागतात. शिवाय देवनागरीत अक्षर मोजताना काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हेही स्वतंत्र धरली जातात. त्यामुळे लिंकच्या शेवटचा शब्द देवनागरीत ठेवण्याचा मोह टाळावा. ‘लातूर’ या शब्दातील पाच चिन्हे इंटरनेटच्या पत्त्यात टक्केवारीच्या खुणांसह लिहिली जातात तेव्हा त्यांची पंचेचाळीस अक्षरे होतात.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हे एआयला बाहेरच्या सेवांशी जोडण्याचे खुले मानक प्रसिद्ध केले, आणि आमच्या सेवेने त्यानुसार आपला सर्व्हर आधीच उपलब्ध करून दिला होता. त्याचा पत्ता आणि की एजंटच्या सेटिंगमध्ये टाकली. पहिल्यांदा ४०१ असा एरर आला, कारण की कॉपी करताना तिच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली होती. ती काढली आणि जोडणी झाली. दहा मिनिटेही लागली नाहीत.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. ‘मागच्या हंगामातील सगळ्या लिंक दाखव’ असे मी एजंटला सांगितले, तेव्हा त्याने पूर्ण यादी आकड्यांसह समोर ठेवली. ‘औसा तालुक्यासाठी नवी लिंक तयार कर’ असे सांगितले, तेव्हा ४०३. ४०१ चा अर्थ तुम्ही कोण हे सर्व्हरला कळलेले नाही, आणि ४०३ चा अर्थ तुम्ही कोण हे कळले आहे, परंतु हे काम करण्याची तुम्हाला मुभा नाही. पडद्यावर फक्त एवढेच वाक्य होते: ‘या कृतीस परवानगी नाही.’ कोणती परवानगी, कोणाला नाही, ती कोणाकडून मिळवायची, यांपैकी काहीही नाही.

मी नवी की तयार केली आणि परवानग्यांच्या यादीतील प्रत्येक चौकटीवर खूण केली. तरीही ४०३. तिसरी की तयार केली, एजंट काढून पुन्हा जोडला, दुसऱ्या एका एआय ॲपमधून तोच सर्व्हर जोडून पाहिला, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य आले. मला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट ही होती की कार्यालयातील संगणकावर बसून मी स्वतः त्याच वर्कस्पेसमध्ये रोज लिंक तयार करत होते. जे काम माझ्या हाताने होते ते माझ्या कीने का होऊ नये, याचे उत्तर मला सापडत नव्हते.

सेवेच्या मदत कक्षाला पहिल्याच दिवशी लिहिले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले की ब्राउझरची साठवलेली माहिती पुसून पुन्हा लॉगिन करावे. एजंटचा ब्राउझरशी काही संबंध नाही, हे मी त्यांना एररच्या चित्रासह कळवले. सहाव्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी तेच चित्र पुन्हा मागितले. नवव्या दिवशी ‘आपली की व्यवस्थित आहे’ असे कळवून त्यांनी तक्रार निकाली काढली. की व्यवस्थित होती, हे खरेच होते. त्यांच्या मदतीच्या पानावर ‘कोणताही सदस्य की तयार करू शकतो’ असे लिहिलेले आहे, आणि तेही खरेच आहे. पण सदस्याची भूमिका जेवढी, तेवढीच कीची पोहोच, चौकटींवर कितीही खुणा केल्या तरी, हे वाक्य त्या पानावर नाही. ते तिथे असते तर माझे अकरा दिवस वाचले असते.

नवे खाते उघडून मोकळे का झाले नाही, असे कंपनीतील काहींनी विचारले. १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, निर्देशानुसार व्यावसायिक एसएमएसमधील लिंक आधी नोंदवून मान्य करून घेतलेली नसेल तर तो एसएमएस वाटेतच अडवला जातो. आम्ही नोंदवलेले डोमेन, म्हणजे आमच्या सगळ्या लिंकांच्या सुरुवातीचा पत्ता, याच वर्कस्पेसला जोडलेले होते. ते हलवायचे म्हटले असते तर पेरणी संपेपर्यंत एकही संदेश गेला नसता.

याच काळात, पाचव्या दिवशी, एक चूक झाली आणि ती मला आजही लागून राहिली आहे. मी एजंटला दहाही तालुक्यांच्या लिंक एकदम तयार करण्यास सांगितले आणि त्याने दहा लिंकांचा नीटनेटका तक्ता देऊन ‘तयार आहेत’ असे लिहिले. परवानगीचा प्रश्न आपोआप सुटला असे समजून मी त्यातील औशाची लिंक गटावर पाठवली. अर्ध्या तासात एका शेतकऱ्याचा फोन आला. “ताई, ते उघडंना बघा. पान सापडत नाही म्हणतंय.” एजंटला सर्व्हरकडून नकार मिळाला होता, तरी त्याने जुन्या लिंकांच्या धर्तीवर पत्ते रचून दिले होते. त्यांतील एकही लिंक सेवेत अस्तित्वात नव्हती. तेव्हापासून मी एजंटच्या ‘झाले’ या शब्दावर थांबत नाही. लिंक तयार केल्यावर तीच सेवेतून पुन्हा वाचून दाखवायला सांगते, आणि कार्यालयाबाहेरच्या एका फोनवर स्वतः उघडून पाहते. कोणत्याही सेवेच्या बाबतीत हे करावे.

उलगडा अकराव्या दिवशी घरी झाला. रात्री माझ्या लॅपटॉपवर, माझ्या स्वतःच्या लॉगिनने, मी हाताने लिंक तयार करायला गेले तेव्हा ‘नवी लिंक’ हे बटण फिकट झालेले दिसले. ते दाबलेच जात नव्हते. सदस्यांच्या यादीत माझ्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘फक्त पाहणारा’ असे लिहिलेले होते. हे वर्कस्पेस दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने उघडले होते, ते आता पुण्यात नोकरी करतात, आणि कार्यालयातील संगणकावर त्यांचेच लॉगिन तसेच उघडे राहिले होते. तिथे मी इतके दिवस लिंक तयार करत होते त्या त्यांच्या नावाने. की मात्र माझ्या नावाची होती.

त्या सहकाऱ्यांना लगेच फोन केला. “दादा, वर्कस्पेसमध्ये माझी भूमिका बदलून देता का? मला लिंक तयार करता यायला पाहिजेत.” ते म्हणाले, “ताई, एवढंच ना? आधी सांगायचं होतं, दोन मिनिटांचं काम आहे.” त्यांनी भूमिका बदलली, मी एजंटला पुन्हा सांगितले, आणि पुन्हा ४०३ आला. त्या क्षणी मला खरोखर रडू येत होते. मग लक्षात आले की या सेवेत की ज्या वेळी तयार होते त्या वेळची भूमिका घेऊन जन्मते. चौथी की काढली, आणि औशाची लिंक एका वाक्यात तयार झाली.

कार्यालयातील संगणकावरूनच त्यांच्या नावाची की काढून काम भागवता आले असते. तसे झाले नाही याचे समाधान आहे, कारण त्यांचे खाते बंद झाले की ती कीही मेली असती, आणि प्रत्येक नोंद कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर राहिली असती. ते उघडे लॉगिन दुसऱ्याच दिवशी बंद केले आणि आधीच्या तीनही की रद्द केल्या. की पडद्यावर एकदाच दिसते, म्हणून ती जपून ठेवावी लागते, पण ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नये.

एजंटला लिंक पुसण्याचा अधिकार मी दिलेला नाही आणि तुम्हीही देऊ नका. आमच्या लिंकांचे क्यूआर कोड कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर छापून चिकटवलेले आहेत. लिंक पुसली की तो कागद निकामी होतो. लिंक तीच ठेवून ती उघडल्यावर कोणते पान यावे ते बदलता येते, आणि तेवढे पुरेसे असते. मात्र त्यासाठी लिंक ३०१ (कायमची वळवणी) ऐवजी ३०२ (तात्पुरती वळवणी) प्रकारची असावी, कारण ३०१ म्हणजे कायमचा पत्ता असे समजून फोनचा ब्राउझर जुने ठिकाण लक्षात ठेवतो आणि आपण केलेला बदल शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

४०३ च्या संदेशात कमी पडणाऱ्या परवानगीचे नाव लिहावे, असे मी त्या सेवेला सविस्तर कळवले आहे. ‘नोंद घेतली’ एवढे उत्तर आले आहे.

दहाही लिंक त्याच रात्री तयार करून, वाचून, उघडून पाहिल्या आणि सकाळी सहा वाजता पाठवल्या. सात वाजता पाचव्या दिवसाच्या त्याच शेतकऱ्याचा फोन आला. “उघडलं ताई. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवायचे, अन् सत्तर उगवले तर पेरायचं, असंच ना?” मी म्हणाले, “हो दादा, असंच.”