सावयची आजी माझ्या लेकीला कशी ठाऊक?

गोव्यात पर्वरीच्या आमच्या इमारतीत, लेकीच्या बालवाडीत, कधी ऑफिसातसुद्धा हा प्रश्न मला हमखास येतो. लेक पाच वर्षांची. सावईवेऱ्याचे, म्हणजे आमच्या बोलण्यात सावयचे, माझे आजो-आजी, म्हणजे तिचे पणजोबा-पणजी, ती जन्मायच्या कितीतरी आधी गेले. तरी ही बाई कुणालाही बेधडक ऐकवते, "सावयच्या आजीला हे चाललं नसतं." नाहीतर, "आजो असता तर ओरडला असता." ऐकणारा माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "तुम्ही रोज बसवून सांगता का हो तिला? फोटोंचा अल्बम वगैरे केलाय?" पाठोपाठ तक्रार येतेच, की आमच्या मुलांना गावच्या आजीचं नावसुद्धा सांगता येत नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बसवून काहीही सांगत नाही. बसवून सांगायला गेलं की पाच वर्षांचं पोर तिसऱ्या वाक्याला मोबाईल मागतं, आणि माझं मत विचाराल तर त्यात पोराची काही चूक नाही. "माझी आजी फार प्रेमळ होती" या वाक्यात धरून ठेवण्यासारखं आहे काय? आजी सगळ्यांचीच प्रेमळ असते. हार घातलेल्या फोटोतली तर असतेच असते.

आमच्याकडे आजी येते ती कामाच्या वेळी. नागपंचमीच्या पातोळ्यांचंच बघा. हळदीची पानं बाल्कनीतल्या कुंड्यांतली, पण कंद सावयच्या कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला. लेकीचं काम पानं ओल्या फडक्यानं पुसायचं. भिजवून वाटलेल्या तांदळाचं पीठ पानावर बोटांनी पसरायचं, मधोमध गूळखोबऱ्याचं चून घालायचं, पान उभं दुमडायचं आणि वाफवायचं. एवढीच कृती. सगळी मेख पीठ पसरण्यात आहे. आजीचा नियम असा, की वाफवलेल्या पातोळीवरून पान सोलून काढलं की पानाची शीर न् शीर पातोळीवर उमटलेली दिसली पाहिजे. थर जाड झाला तर शिरा दिसतात, पण आतलं चून दिसत नाही. पातळ झाला तर चून बाहेर येतं. बोटाला पीठ चिकटायला लागलं की बोट पाण्यात बुडवायचं, पण पाणी पानावर ठिबकता कामा नये. "सवकास गो बाय, सवकास," आजी म्हणायची, आणि म्हणता म्हणता स्वतः माझ्या तिप्पट वेगानं पानं संपवायची.

हे मी लेकीला कधी सांगितलं? नाहीच सांगितलं. तिनं पान सोललं, त्याला पातोळीचा अर्धा भाग चिकटून आला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आजीनं हे बघितलं असतं तर!" मग प्रश्न सुरू झाले. कुठली आजी? ती काय म्हणाली असती? तुला ओरडायची का? तिच्या घरी गॅस होता का? हात पिठात आणि तोंड मोकळं, असं असलं की गोष्टी चालतात. माझीही आजी मला अशीच मिळाली होती, सुपारी सोलताना नि फणसाचे गरे काढताना.

आता यातली खरी गंमत. माझी आई आमच्याबरोबरच राहते. लेकीची आजी ती हीच, म्हणून तर दुसरी 'सावयची'. आम्ही दोघी पातोळ्यांवर वाकलेल्या, आणि आई डायनिंग टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत थंडपणे म्हणाली, "मी केलेल्या पहिल्या पातोळ्या तुझ्या आजीनं गोठ्यात नेऊन गायीला घातल्या. जाड झाल्या म्हणून."

मी चाट पडले. माझ्या ओबडधोबड पातोळ्या हीच आजी पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घ्यायची. "माझ्या बायनं केल्यात" म्हणून शेजाऱ्यांना दाखवायची. लेक माझ्याकडे बघते, तिच्या आजीकडे बघते. "मग ती चांगली होती की वाईट?" आई म्हणाली, "माझी सासू होती." लेकीला हे उत्तर पुरेसं वाटलं असावं, कारण तिनं लगेच विचारलं, "गायीला आवडल्या?"

माझं म्हणणं विचाराल तर हेच आहे. मुलाला एकच एक आजी देऊ नका. घरात तिला ओळखणारी दोन माणसं असतील तर दोघांना बोलू द्या, भांडू द्या. नातीची आजी वेगळी आणि सुनेची सासू वेगळी, आणि दोन्ही खऱ्या. मुलं गोंधळतील अशी भीती मोठ्यांना वाटते. मुलं काही गोंधळत नाहीत. आपली शिक्षिका शाळेत एक आणि रिक्षातून उतरताना दुसरीच असते, हे त्यांनी केव्हाच पाहिलेलं असतं.

आजोचंही तसंच. आजो घुमट वाजवायचा, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं मडकं. चवथीला सावयला आरत्या म्हणजे घुमट, शामेळ हा ढोल आणि कासाळी, म्हणजे झांजा, आणि एकेक आरती अशी लांबायची की आम्ही पोरं देवापुढच्या नेवऱ्या मोजत बसायचो. त्याचं घुमट जुनं, घोरपडीच्या कातड्याचं होतं. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर ते कातडं बंद झालं. आता शेळीचं वापरतात, आणि २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मानही दिला. आजो हे ऐकायला असता तर मान राहू दे बाजूला, शेळीच्या कातड्याला आवाज नाही म्हणून कुरकुरला असता. डाव्या हाताच्या पंज्यानं मडक्याचं लहान तोंड झाकायचं, उघडायचं, उजव्यानं कातड्यावर थाप. झाकल्या-उघडल्यानं आवाज आत ओढल्यासारखा घुमतो. ही डाव्या हाताची जादू मला कधी जमली नाही. लेकीला आम्ही बाजारातून छोटं घुमट आणून दिलंय. तिला थाप जमते, डावा हात मात्र विसरते.

पण तिला आजो आवडतो तो वादक म्हणून नाही, रागीट म्हणून. आरती चालू असताना कुणाची कासाळी लयीबाहेर गेली की आजो देवासमोर वाजवणं थांबवायचा आणि त्या माणसाकडे बघत राहायचा. नुसता बघत. पुरोहित असो की पाहुणा. सगळं घर गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हातारपणी कमी ऐकू यायला लागल्यावरही हे चालूच राहिलं, आणि तेव्हा तर चूक बहुतेक त्याचीच असायची. आता आमच्या फ्लॅटमध्ये मोबाईलवर आरती लावली आणि माझ्या नवऱ्याची टाळी चुकली की लेक त्याच्यापुढे उभी राहून डोळे वटारते. हा वारसा मी दिलेला नाही हो. तिनं स्वतः निवडून घेतलाय.

माटोळीबद्दलही, म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या रानफळांच्या मांडवाबद्दलही, लोक विचारतात, पण त्यात फारसं काही सांगण्यासारखं नाही. कवंडळं, कांगणं, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे कातरे हे सगळं आम्ही पणजीच्या बाजारातून विकत आणतो. आजो रानातून आणायचा. भाव ऐकून आई दरवर्षी म्हणते, "कवंडळाला पैसे?" एवढीच आमची परंपरा.

पदेराचं, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचं, सांगायला हवं. सकाळी खाली त्याचा भोंपू वाजला की लेक चपला न घालता जिन्यातून धावते, उंडे आणि बांगडीसारखी काकणं हे पाव आणायला. ती काकणं आधी हातात घालते, मग खाते. एकदा आई तिला म्हणाली, "सावयच्या आजीच्या सासूला पाव घरात चालत नसे. आजी ओसरीवर बसून चहात बुडवून खायची, मग आंघोळ करून आत." एके काळी पाव खाल्ला की माणूस बाटला असं धरायचे, ते कशामुळे, हे पाच वर्षांच्या मुलीला कसं समजावणार? नाही समजावलं. पण तेव्हापासून कधीकधी ती बाल्कनीत बसून पाव खाते आणि आत येण्यापूर्वी हात धुते.

आता एक अवघड गोष्ट. याबद्दल मला कुणी विचारत नाही, पण उत्तरात ती आली पाहिजे.

कुळागरात सुपाऱ्या वेचायला, पाट साफ करायला एक बाई यायची. घरातल्या सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा. तिचा कप वेगळा, कान तुटलेला, मागच्या दाराबाहेर भिंतीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. आजी वरून चहा ओतायची, कपाला किटली लागणार नाही अशी. चहा झाला की बाई स्वतः कप धुऊन पुन्हा पालथा घालायची. मला हे लहानपणी देवघरातल्या समईइतकं नेहमीचं वाटायचं. आजी त्या बाईच्या मुलांच्या शाळेची फी भरायची, आजारपणात पेज पाठवायची, आणि कप कोनाड्यातच राहायचा.

सावयला गेल्यावर लेकीला तो कोनाडा दिसला. इथं काय ठेवायचे? देवाची पणती, असं म्हणून सुटता आलं असतं. माझी चुलती तेच सांगायला निघालीही होती. मी म्हटलं, "कामाला येणाऱ्या काकीचा कप. आजी तिला आपल्या पेल्यात चहा देत नसे."

"का?"

"तेव्हा लोक तसं करायचे. ते वाईट होतं."

"तू आजीला सांगितलं नाहीस?"

"मी तुझ्याएवढी होते."

"मी सांगितलं असतं," ती म्हणाली, आणि कोनाड्यात हात घालून बघितलं. आत एक कोळिष्टक आणि खडूचा तुकडा होता. चुलती रागावली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मेलेल्या माणसाचं असं पोरापुढे काढतात का?" मला वाटतं, काढावं. ज्या आजीच्या पातोळ्यांचा मी तोरा मिरवते तिच्याच हातातली ती किटली होती. एक ठेवायचं आणि दुसरं लपवायचं, तर लेकीच्या वाट्याला दिवाळी अंकाच्या जाहिरातीतली आजी येईल. तशी तिला बाजारात कुठेही मिळेल.

शेवटी पुलाबद्दल. रोज सकाळी लेकीला बालवाडीत सोडून मी पर्वरीहून पणजीला येते, आणि सुट्टीच्या दिवशी ती गाडीत असली की मांडवी नदीच्या पुलावर आल्या आल्या म्हणते, "पूल पडल्याची गोष्ट." ही माझ्या आजोची सगळ्यात गाजलेली गोष्ट. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा तेव्हाचा एकुलता पूल कोसळला. नवा पूल १९९२ मध्ये झाला, तोवर लोकांच्या फेरीबोटीसाठी रांगा लागायच्या. २०१९ पासून डोक्यावरून अटल सेतू हा आणखी एक पूलही जातो, त्यामुळे एकच पूल, तोही पडलेला, हे लेकीला फारच थरारक वाटतं.

आजो सांगायचा ते असं. तो म्हापशाला बहिणीकडे गेलेला. शुक्रवारचा बाजार करून, पावसाळ्यासाठी कांद्यांची भलीमोठी माळ खांद्यावर टाकून परत निघाला, नदीकाठी बेतीला पोचतो तर पूल नाही! धो धो पाऊस, मांडवी फुगलेली, माणसं ओरडतायत, आणि हा भरगच्च फेरीबोटीत एका हातानं दांडी आणि दुसऱ्यानं कांदे धरून उभा. एक कांदा नदीत पडला तर त्यानं तो ओंजळीनं उचलला, इथपर्यंत मजल जायची. मी ही गोष्ट लेकीला जशीच्या तशी सांगते, कांद्यासकट.

परवा ती तिच्या आजीला सांगत होती. आई चष्मा पुसत ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "म्हापशाचा बाजार शुक्रवारी. पूल पडला तो शनिवार. तुझा पणजोबा शुक्रवारी रात्रीच घरी येऊन झोपला होता. मी त्या वर्षी नवीन सून, मीच त्याला जेवायला वाढलं."

लेकीचं तोंड उघडंच. "मग कांदे?"

"कांदे फोंड्याच्या बाजारातले," आई म्हणाली. "मी आणले होते. चालत."