सॅन डिएगोची बिअर-वही: २३ ठिकाणं, ११ घाणे आणि खारट कोकम

मागची नोंद लिहिली तेव्हा वहीतला, म्हणजे मी जाऊन आलेल्या ब्रुअऱ्यांचा (बिअर करणाऱ्या जागांचा), आकडा १४ होता. आता २३ आहे. कॅलिफोर्नियातल्या या सॅन डिएगो काउंटीत दीडशेच्या आसपास ब्रुअऱ्या आहेत, म्हणजे या वेगानं मी निवृत्त होईन तेव्हाही अर्ध्या शिल्लक असतील, आणि तोवर यादीतल्या किती टिकतील कोण जाणे. गेल्या वर्षी मी यादीवर टिक मारायला जायचो. आता घरी करतो त्या बिअरच्या घाण्यात काही बिघडलं की त्याचं उत्तर शोधायला जातो. त्यामुळे एकाच ठिकाणी चारदा जाणं झालं आणि आकडा हळू सरकला. चालेल.

नव्या मंडळींसाठी माझे नियम पुन्हा एकदा. गाडी न्यायची नाही. ट्रॉली (इथल्या लोकलला ट्रॉली म्हणतात), बस किंवा पाय. एका दिवशी दोनच ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी चार औंसाचे, म्हणजे साधारण १२० मिलीचे, जास्तीत जास्त चार नमुने. मध्ये पाणी आणि काहीतरी पोटात. आणि उठण्याआधी वहीत निदान चार ओळी, कारण घरी आल्यावर सगळ्याच बिअर 'छान होती' एवढ्याच आठवतात.

आता घाणा क्रमांक ८. (बॅचला 'घाणा' म्हणतो म्हणून बायको हसते. भज्यांचा असू शकतो तर बिअरचा का नाही?) वेस्ट कोस्ट आयपीए (इंडिया पेल एल) करायची होती. ही इथली घरची शैली: काचेसारखी स्वच्छ, फिक्कट सोनेरी, सुकी आणि कडू, वासाला पाइनचा चीक आणि पपनसाची साल. माझी झाली गढूळ, शेवटाला गोडसर, आणि कडवटपणा असा की कारल्याचं पाणी न पिळता भाजी केल्यासारखा. त्यावर दवाखान्यातल्या पट्टीचा वास. हॉप्समध्ये (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) काहीही चूक नव्हती. सेंटेनियल, सिमको, मोझॅक, सगळे ताजे.

उत्तर पहिल्यांदा मिळालं ओशन बीचच्या पिझ्झा पोर्टमध्ये. ओल्ड टाउनहून ३५ नंबरची बस थेट तिथे सोडते. लांबच लांब लाकडी बाकं, छताला सर्फबोर्ड, शेजारी कुणाची तरी मुलं पिझ्झ्यासाठी भांडतायत. मार्साग्लिया भावंडांनी १९८७ साली सोलाना बीचला एक पिझ्झ्याचं दुकान घेतलं आणि १९९२ पासून तिथेच बिअर करायला लागले, त्याचाच हा पसारा. त्यांची स्वामीज आयपीए मागवली. नाव ऐकून चमकू नका. एन्सिनिटासला सर्फिंगची एक प्रसिद्ध जागा आहे, तिला 'स्वामीज' म्हणतात, कारण वर कड्यावर परमहंस योगानंदांचा आश्रम आहे. संन्याशाच्या नावाची लाट आणि लाटेच्या नावाची बिअर! योगानंदांना काय वाटलं असतं देव जाणे.

तर ती बिअर प्यायल्यावर लक्षात आलं की कडवटपणा माझ्याइतकाच आहे, कदाचित जास्तच, पण घोट गिळल्यावर तो जिभेवरून उतरतो. माझा बसून राहतो. काउंटरवरच्या मुलाला माझी कहाणी सांगितली. त्यानं हॉप्सबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, "पाण्याचं काय करतोस?"

मी काहीच करत नव्हतो. नळ सोडायचा, पातेलं भरायचं.

सॅन डिएगोचं बहुतेक पाणी बाहेरून येतं, मुख्यतः कोलोरॅडो नदीचं. शेकडो मैल वाळवंटातून येतं, त्यामुळे जड असतं. इथल्या किटलीत तळाला महिन्याभरात पांढरा थर बसतो, तो त्याचाच. शिवाय निर्जंतुक करायला त्यात क्लोरामाइन घालतात. साधं क्लोरीन पाणी उकळलं की उडून जातं, क्लोरामाइन जात नाही. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेलं धान्य) फिनॉलशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि तोच तो पट्टीचा वास. उपाय हास्यास्पद स्वस्त आहे: कॅम्पडेनची, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची गोळी. एक गोळी ७५ लिटरला पुरते. माझ्या २५ लिटरला एक तृतीयांश तुकडा पुरला. आठ घाण्यांत जे कळलं नव्हतं ते एका गोळीच्या तुकड्यानं कळलं.

पाण्याबद्दल आणखी थोडं, कारण इथे आपलाही संबंध येतो. आयपीएमधला 'आय' म्हणजे इंडिया, हे सगळ्यांना माहीत आहे. ही बिअर खास हिंदुस्थानच्या प्रवासासाठी शोधून काढली, असं जे सांगतात ती मात्र दंतकथा. तेव्हा काळी पोर्टरही ढिगानं आपल्याकडे यायची आणि ठणठणीत पोहोचायची. लंडनच्या हॉजसनची पेल एल आधीपासून येत होतीच. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपनं त्या धंद्यात उडी घेतली, आणि बर्टनची बिअर उजवी ठरली ती तिथल्या विहिरींमुळे. त्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा धारदार आणि सुका लागतो, क्लोराइड जास्त असेल तर गोल आणि मऊ. आपल्याकडे विहीर बदलली की चहाची चव बदलते म्हणतात, तसंच. आता मी अर्धं नळाचं आणि अर्धं आरओचं पाणी घेतो आणि वरून थोडं जिप्सम घालतो. मोजून. पहिल्यांदा अंदाजपंचे घातलं होतं, तर बिअरला खडूची चव आली.

दुसरी चूक मॅशच्या, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या, तापमानाची. मी ६८ अंशांवर मॅश करत होतो. त्या तापमानाला न आंबणाऱ्या साखरा जास्त राहतात, म्हणून शेवटाला गोडी. घाणा ९ ला ६५ वर आणलं आणि थोडी डेक्स्ट्रोज घातली. सुरुवातीची घनता (पाणी म्हणजे १.०००, साखर जास्त तितका आकडा मोठा) दोन्ही वेळा १.०६२ होती. आठवा घाणा १.०१६ वर थांबला होता, नववा १.०१० पर्यंत उतरला. कागदावर फरक किरकोळ दिसतो. ग्लासात नाही.

मिरामारला ज्यांना जायचंय त्यांनी टोपी न्या. बस जिथे सोडते तिथून पुढे सावली नाही, दोन्ही बाजूंना टाइल्सची दुकानं आणि गॅरेजं, आणि वरून मरीनच्या हवाई तळावरची लढाऊ विमानं असा आवाज करत जातात की बोलणं अर्ध्यात थांबवावं लागतं. या गोदामांमध्ये इतक्या ब्रुअऱ्या आहेत की लोक त्याला 'बिअरामार' म्हणतात. मी गेलो होतो व्हाइट लॅब्जसाठी. ही यीस्ट तयार करणारी कंपनी, १९९५ साली ख्रिस व्हाइट यांनी काढली. तेव्हा ते इथल्याच विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएचडी करून बाहेर पडत होते. पत्ता कँडिडा स्ट्रीट! यीस्टवाल्यांना रस्ताही यीस्टच्या नावाचा मिळावा, याला नशीब लागतं.

तिथे एकच वर्ट (माल्टचा न आंबवलेला गोड रस) वेगवेगळ्या यीस्टनं आंबवून शेजारी-शेजारी देतात. मला दोन ग्लास मिळाले. माल्ट तेच, हॉप्स तेच, दिवस तोच. एक त्यांच्या ००१ क्रमांकाच्या कॅलिफोर्निया यीस्टची: स्वच्छ, हॉप्स पुढे, यीस्ट स्वतः गप्प. दुसरी इंग्लिश यीस्टची: जरा गोडसर, पिकल्या फळाचा वास, कडवटपणा मागच्या बाकावर. एकाच चरवीतलं दूध, दोन घरचं विरजण, दोन प्रकारचं दही. तिथेच कळलं की आठव्या घाण्यातल्या गोडसरपणातही यीस्टचा वाटा होता. मी इंग्लिश यीस्ट वापरली होती, का, तर फ्रीजमध्ये होती म्हणून.

परतताना एलस्मिथ ही ब्रुअरी. क्रिकेटवाल्यांसाठी खास: यांची '.३९४' नावाची पेल एल आहे. बेसबॉलपटू टोनी ग्विन यांची १९९४ सालची फलंदाजीची सरासरी, म्हणजे हजार संधींना ३९४ हिट्स या प्रमाणात. त्यांची सगळी कारकीर्द याच शहराच्या संघात गेली आणि बिअरही त्यांच्या सहभागानं झाली. ब्रॅडमनच्या नावानं कुणी ९९.९४ काढली तर मी पहिल्या रांगेत उभा. एलस्मिथची कॉफी घातलेली स्पीडवे स्टाउट १२ टक्क्यांची आहे. चार औंसच घ्या, आणि शेवटी घ्या. आधी घेतली की त्यानंतरच्या सगळ्या बिअर पाण्यासारख्या लागतात. अनुभवाचे बोल.

डाउनटाउनच्या कार्ल स्ट्रॉस ब्रुअरीला एकदा जावं, १९८९ ची जागा, इथली क्राफ्ट बिअर (छोट्या, स्वतंत्र ब्रुअऱ्यांची) सुरू झाली ती तिथून. माझ्या वहीत दोनच ओळी आहेत.

स्टोन या ब्रुअरीबद्दल मात्र लिहायला हवं. १९९६ साली सान मार्कोसमध्ये सुरू झाली, २०२२ मध्ये सापोरो या जपानी बिअर कंपनीनं विकत घेतली. बॅलस्ट पॉइंटची गोष्ट आणखी गमतीची. जॅक व्हाइट यांनी १९९२ मध्ये घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान काढलं, होम ब्रू मार्ट. १९९६ पासून दुकानाच्या मागच्या खोलीत बिअर व्हायला लागली. २०१५ मध्ये ती कंपनी कॉन्स्टेलेशन या बड्या मद्यकंपनीनं एक अब्ज डॉलरना घेतली आणि चार वर्षांनी इलिनॉयच्या एका चिमुकल्या ब्रुअरीला विकून टाकली. मोठ्यांनी घेतल्यावर ती क्राफ्ट राहते का, यावर आपल्यात मागे कडाक्याचं भांडण झालंय, पुन्हा उकरत नाही. मी कॅनच्या बुडावरची तारीख बघतो. स्टोनची एक बिअर अशी आहे की 'अमुक तारखेच्या आत प्या' हेच तिचं नाव. मुद्दाम प्रयोग केला: एकाच आयपीएचे दोन कॅन, एक तीन आठवड्यांचा, दुसरा चार महिने दुकानात फ्रीजबाहेर उभा असलेला. बायकोला डोळे मिटून प्यायला दिले. दुसऱ्याला ती म्हणाली, "हा सादळलेला चिवडा आहे." याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

आता कोकम.

ब्ल्यू लाइन ट्रॉलीनं बॅरिओ लोगनला उतरलात की आधी चिकानो पार्क बघा. पुलाच्या खांबांवर रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. १९७० मध्ये वस्तीतल्या लोकांनी ही जागा अडवून धरली आणि बाग मिळवली. तिथून चालत बॉर्डर एक्स. मेक्सिकन घरांतल्या चवी बिअरमध्ये आणणारी ब्रुअरी. ब्लड सेझाँ नावाची लालभडक बिअर समोर आली. त्यात घातलेलं 'हमाइका' म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली लाल अंबाडी. आंबट, तुरट, थंडगार. पहिल्या घोटाला मला रत्नागिरीचं अंगण आठवलं आणि दुसऱ्याला प्रश्न पडला, मग कोकम का नाही?

सोबतीला शैली आयतीच होती. गोझ: जर्मनीची जुनी गव्हाची बिअर, आंबट, वरून मीठ आणि धणे. मीठ, धणे आणि आंबट! या लोकांना सोलकढीपासून फक्त नारळानं अडवलं.

घाणा १०. २० लिटर, निम्मा गहू, निम्मं पिल्सनर माल्ट, घनता १.०४२. वर्ट ३७ अंशांवर आणून लॅक्टोबॅसिलस (दह्यासारखं आंबवणारा जिवाणू) घातला आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं, थंडीत दह्याचं भांडं ठेवतात तसं. ३० तासांत पीएच ३.३ वर आला. मग उकळी, शेवटी २० ग्रॅम भरडलेले धणे, १५ ग्रॅम मीठ. आंबवण झाल्यावर २५० ग्रॅम आमसुलं. रंग असा आला की मी पाच फोटो काढले.

आणि चव समुद्राची. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मीठ लावलेली आमसुलं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, सार करताना आमसूल घातलं की मीठ बेतानंच घालायचं, हे तुला लहानपणापासून माहितीये." माहिती होतं. पण रेसिपीत '१५ ग्रॅम' लिहिलेलं असलं की माझ्यातला इंजिनिअर आईचं ऐकत नाही.

घाणा ११ मध्ये मीठ शून्य. आमसुलं दोनदा धुऊन अर्धा तास पाण्यात ठेवली, ते पाणी फेकलं, आणि २५० ऐवजी १८०. कोकमाची आंबटी लॅक्टिकपेक्षा वेगळी लागते, ती जिभेच्या कडांना पकडते, म्हणून या वेळी लॅक्टो ३.५ लाच थांबवला. धणे तेवढेच. मीठ कमी पडलं तर केगमध्ये (बिअरच्या पिंपात) भरताना विरघळवून घालता येईल. जास्त पडलेलं काढता येत नाही, एवढं आता मान्य.

आज नववा दिवस. एअरलॉकमधला बुडबुडा कालपासून मंदावलाय. सकाळी हायड्रोमीटर घालून घनता बघतो. १.००८ असेल तर शनिवारी केग. कुणी आगळ वापरून बघितलं असेल तर त्यातल्या मिठाचं काय केलंत ते सांगा, कारण बाराव्या घाण्यासाठी एक बाटली आणून ठेवली आहे. या वेळी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलंय.