घाबरतं कोण?

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तर स्कॉटलंडातल्या एडिंबरोहून भाचीचा फोटो आला. फोटोत काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला तिकडे 'हार' म्हणतात. ऐन उन्हाळ्यात येतं आणि भर दुपारी गाव गिळून बसतं. खाली एकच शब्द होता: 'ईरी!'

"भयाण, असं का?" मी विचारलं.

"तसंच काहीतरी, मावशी."

संपली झोप. शब्द असा अर्धवट टाकून कुणी गेलं की मला स्वस्थता नसते. उठले आणि कोश काढला.

'ईरी' आता इंग्रजीत सगळीकडे चालतो, भुतांच्या सिनेमात तर फारच. पण तो मूळचा ब्रिटनच्या उत्तरेकडचा, आणि सांभाळला तो स्कॉट लोकांनी. गंमत म्हणजे त्याचा जुना अर्थ 'भयाण' नव्हेच. जुना अर्थ 'भ्यालेला'. सुमारे १३०० सालच्या लिखाणात तो भेकड माणसाबद्दल येतो. जागा ईरी नसायची, माणूस ईरी असायचा. आणि भीती तरी कसली? कुत्रं अंगावर धावून आल्याची नव्हे. काळोखात, कुणी नसताना, 'कुणीतरी आहे' असं वाटतं ना, ती.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सापडतात. १७८६ च्या त्याच्या पहिल्या संग्रहात सैतानाला उद्देशून एक कविता आहे. तिन्हीसांजेला आजी प्रार्थनेला लागते, आणि गडग्यापलीकडून सैतानाची घूं घूं ऐकू येते. तिथे तो आवाज ईरी आहे. पुढे १७९२ च्या एका गाण्यात प्रियकर म्हणतो, तुझ्याकडे यायचं असेल तर मध्यरात्री काळ्याकुट्ट दरीतूनही येईन आणि मुळीच ईरी होणार नाही. इथे ईरी होणार तो स्वतः. मला हा दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो.

आमच्या आजोळी असा प्रामाणिकपणा नव्हता. परसाच्या टोकाला न्हाणीघर, त्याच्या अलीकडे चिंच. "ती जागा बरी नाही," आजी म्हणायची. मला भीती वाटते, असं ती जन्मात म्हणाली नाही. दोष सगळा जागेचा. रात्री आम्हा भावंडांना तिकडे जावंच लागे. एकाच्या हातात कंदील, बाकीचे त्याच्या शर्टाला धरून, आणि सगळ्यांच्या तोंडी 'भीमरूपी महारुद्रा'. चिंच जवळ आली की मारुतीरायाचा वेग इतका वाढायचा, की निम्मे श्लोक वाटेतच गळून पडायचे. मागे वळून बघायचं नाही असा नियम होता. आणि वळून बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

बर्न्सच्या आणखी एका कवितेतला टॅम ओ'शँटर दारू पिऊन रात्री घोडीवरून घरी निघतो, तो हेच करतो. जुनी गाणी गुणगुणतो आणि मधूनमधून डोळे फाडून आजूबाजूला बघतो, न जाणो, एखादं भूत झडप घालायचं. पुढे अ‍ॅलोवेच्या पडक्या चर्चमध्ये त्याला चेटकिणींचा नाच दिसतो. ते चर्च खरंच आहे. त्याच्या आवारात बर्न्सच्या वडिलांना पुरलेलं आहे. वडिलांच्या थडग्याशेजारी चेटकिणी नाचवायच्या म्हणजे कमाल आहे.

ही सगळी भुतं त्याला दिली बेट्टी डेव्हिडसनने. आईच्या नात्यातली ही म्हातारी बर्न्सच्या लहानपणी त्यांच्या घरी असायची. १७८७ साली एका डॉक्टरांना लिहिलेल्या पत्रात बर्न्स तिला अडाणी, भोळसट म्हणतो आणि वर हेही कबूल करतो, की भुतं, पऱ्या, चेटकिणी, चकवे यांच्या गोष्टी त्या सबंध मुलखात तिच्याइतक्या कुणालाच येत नसतील. अजूनही रात्री फिरताना संशयास्पद जागी माझे डोळे आपोआप सावध होतात, असंही तो लिहितो.

माझं घोडं या बेट्टीपाशी अडलं. भीती माणसाच्या मनातून निघून जागेवर जाऊन बसली, इथवर ठीक; चिंचेचं काय बिघडतं? पण ती नेहमी झाडावरच बसते असं नाही. स्कॉटलंडात १५६३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, तो रद्द व्हायला १७३६ साल उजाडलं. मधल्या काळात जवळजवळ चार हजार माणसांवर आरोप झाले, त्यांत बहुतेक बायका. कितीतरी जणींचा आधी गळा आवळला आणि मग प्रेत जाळलं. बर्न्सचा जन्म १७५९ चा. म्हणजे बेट्टी त्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगत होती, तेव्हा तो कायदा जाऊन तीसेक वर्षंच झाली होती.

एवढी भुतं तोंडपाठ असलेली म्हातारी शंभर वर्षं आधी जन्मली असती, तर? २०२२ च्या महिलादिनी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी तिथल्या संसदेत त्या सगळ्या बायकांची रीतसर माफी मागितली.