सर्फ कॅम्प, एकच रस्ता आणि फिरणारा वारा

ऑस्ट्रेलियाच्या ईस्ट गिप्सलँड किनाऱ्यावरचा हा कॅम्प म्हणजे काही केबिन, तंबू, सामाईक स्वयंपाकघर आणि सर्फबोर्डांची शेड. हायवेपासून आत येणारा रस्ता एकच, तोही मातीचा, दोन्ही बाजूंना स्ट्रिंगीबार्क या निलगिरीच्या जातीचं रान. आम्हा सीएफए (कंट्री फायर ऑथॉरिटी, व्हिक्टोरिया राज्याचं ग्रामीण अग्निशमन दल) स्वयंसेवकांचा टँकर पोचला तेव्हा वणवा वायव्येला होता आणि वारा त्याला सरळ आमच्याकडे ढकलत होता. पाहुण्यांनी गाड्या भरून ठेवल्या होत्या. कुणालाच सोडलं नाही. स्ट्रिंगीबार्कची तंतुमय साल पेटती उडते आणि आगीच्या बरीच पुढे नव्या आगी लावते. रस्त्यात एक झाड आडवं पडलं की गाड्यांची रांग धुरात अडकते. निघायचं तर सकाळीच निघायला हवं होतं.

मग उरली वाळू. ती जळत नाही, पण तिच्या मागच्या टेकड्यांवर टी-ट्रीची झुडपं असतात, पानांत तेल भरलेली. त्यांची धग लांबवर लागते. म्हणून सगळ्यांना झुडपांपासून दूर, पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यात बसवलं. अंगभर सुती कपडे, बूट, लोकरी ब्लँकेट. दोघं-तिघं वेटसूट, म्हणजे सर्फिंगचा घट्ट रबरी पोशाख, घालून आले होते, त्यांना तो काढायला लावला. त्याचं निओप्रीन हे कृत्रिम रबर, धगीत ते अंगावर नको. बोर्ड घेऊन समुद्रात थांबायची कल्पनाही मोडून काढली. वायव्येचा वारा इथे ऑफशोर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, एरवी सर्फरांचा लाडका. पण धुरात किनारा दिसेनासा होतो आणि तोच वारा माणसाला खोल समुद्रात लोटत नेतो.

कॅम्पवर पहिलं काम गॅस सिलिंडर बंद करण्याचं. पन्हाळ्यांच्या तोंडात टेनिसचे चेंडू कोंबून त्या पाण्याने भरल्या, कारण घरं बहुधा ज्वाळेने नाही, पन्हाळीतल्या पाचोळ्यात पडलेल्या ठिणगीने जातात. पायपुसणी, कुशन, दारापुढची लाकडं उचलली. शेडला मात्र हात लावला नाही. फोम आणि रेझिनचे बोर्ड पेटले की काळा विषारी धूर निघतो. शेड केबिनपासून सुटी होती, तिला सोडून देणंच बरं.

अडलं ते पाण्याशी. टाकी भरलेली, पण पंप विजेचा, आणि वीज सगळ्यात आधी जाते. टाकीच्या तोटीला ६४ मिमीची सीएफएची जोडणी नव्हती. शेवटी झाकण उघडून सक्शन होज, म्हणजे पाणी ओढून घेणारा पाइप, आत सोडला. जमिनीवरून गेलेला प्लास्टिकचा पाइप वितळणार हे धरूनच चाललो होतो. तो किमान ३० सेंमी खोल पुरायचा, नाहीतर धातूचा घालायचा.

दुपारी नैऋत्येचा वारा आला. इथे हाच क्षण घातक असतो: आगीची लांबलचक ईशान्य बाजू एकाएकी तिचं तोंड होते. व्हिक्टोरियातल्याच लिंटनला २ डिसेंबर १९९८ रोजी अशाच बदलात टँकरवरचे ५ स्वयंसेवक गेले. तेव्हापासून टँकरच्या टाकीतलं राखीव पाणी म्हणजे क्रूचा जीव. कितीही मोह झाला तरी ते केबिनवर मारायचं नाही. टँकर जळालेल्या भागाला लागूनच उभा ठेवला होता.

या वेळी वाऱ्याचा बदल कॅम्पच्या फायद्याचा ठरला आणि आग ईशान्येला वळली. ठिणग्या मात्र पडतच राहिल्या. त्यापुढचे कित्येक तास पाठीवरचे पंप घेऊन फेऱ्या: केबिनच्या फळ्यांखाली, पायऱ्यांच्या सांध्यांत, रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी. शेड वाचली, एका केबिनचा डेक गेला. रस्त्यावरची जळकी झाडं पाडून झाल्यावरच गाड्या सोडल्या, एकामागोमाग, पुढे आमची गाडी ठेवून.